बिग थीफचा ‘डबल इन्फिनिटी’ कसा ऐकायचा

पहिली गोष्ट म्हणजे बिग थीफ या अमेरिकन बँडचा हा अल्बम दंग्यात ऐकायचा नाही. तो आला ५ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. बेळगावात त्या दिवसांत काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. मी विसर्जन मिरवणूक होऊ दिली, मगच लावला. ज्यांनी अजून ऐकला नसेल त्यांनीही अशीच मोकळी वेळ बघावी. पाऊण तास पुरतो, पण तो सलग हवा.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ मशीनवर, काम करतो आणि राहतो खानापुरात. माझ्यासारखे मशीनवर उभे राहणारे असाल तर शिफ्ट सुटल्या सुटल्या इअरफोन घालू नका. दिवसभर मोठा आवाज सोसला की कान काही तास मंद होतात, आणि आधी मार बसतो तो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना. या अल्बममधली निम्मी गंमत तिथंच आहे. मग माणूस आवाज वाढवतो आणि कानाला आणखी त्रास देतो. संध्याकाळी गप्प घरी जावं, जेवावं, झोपावं. सकाळी कामावर जाताना ऐकावा. खानापूर ते उद्यमबाग बसमध्ये जवळजवळ पूर्ण अल्बम बसतो. गाणी आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा, वाटेत रेंजचा भरवसा नाही. शफल बंद, ऑटोप्लेही बंद. आणि दोन्ही कानांत इअरफोन. एक कान मित्राला देऊन हा अल्बम ऐकण्यात अर्थ नाही, कारण वाद्यं डावीकडे-उजवीकडे पसरून बसलेली आहेत.

बँडची थोडी ओळख आधी हवी. बिग थीफ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला बँड, पहिला अल्बम २०१६ चा. एड्रिअन लेन्कर गाते आणि गाणी लिहिते, बक मीक गिटारवर, जेम्स क्रिवचेनिया ड्रम्सवर. चौथा होता मॅक्स ओलिआर्चिक, बेस वाजवणारा. तो २०२४ मध्ये बाहेर पडला. इतकी वर्षं चौघांच्या मापानं बेतलेलं संगीत अचानक तिघांचं झालं. अशा वेळी दुसरे बँड एक बेसवाला बघतात आणि पुढं जातात. यांनी दार सताड उघडलं. न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ऐन हिवाळ्यात दहाएक वादक-गायक सोबत बसवले आणि सगळ्यांनी एकत्र, समोरासमोर वाजवलं. डॉम मंक्सनं ते ध्वनिमुद्रित केलं. नंतर वरून चढवलेलं फार थोडं आहे.

हे कळलं की कसं ऐकायचं ते आपोआप ठरतं. पहिल्या वेळी लेन्करच्या आवाजामागं धावू नका आणि ‘ही गिटार कुणाची’ असंही शोधू नका. गावच्या देवळात एकादशीला भजन रंगात आलं की कुठला टाळ कुणाचा ते आपण विचारत नाही, तसं सोडून द्या. कान खोलीभर फिरू द्या.

शब्दांची काळजी तर पहिल्या फेरीत करूच नका. आपल्याकडच्या माणसाला हे सोपं जातं. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, टीव्हीवर हिंदी, गोव्याकडून कोकणी. अर्ध्या शब्दांचा पत्ता नसलेली गाणी आपण लहानपणापासून मान डोलावत ऐकत आलोय. इंग्रजी गाण्यापाशीच आपण परीक्षेला बसल्यासारखे का आवळून जातो, मला कळत नाही.

दुसऱ्या फेरीत शब्द समोर घ्या, आणि पहिल्या गाण्यापाशी थांबा. ‘इनकॉम्प्रिहेन्सिबल’ हे प्रवासाचं गाणं म्हणून सुरू होतं आणि वय वाढण्याचं गाणं होऊन जातं. तेहतिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेली बाई आपले रुपेरी केस बघते आणि आई, आजी, पणजी यांच्या सुरकुत्यांत तिला सौंदर्य दिसतं. रॉक संगीत कायम तरुणपणाच्या मागं लागलेलं असतं. त्यात एखादी गायिका इतक्या आनंदानं म्हातारपणाचं स्वागत करते, हे मी तरी फार ऐकलेलं नाही. बाजूला तालाचा अखंड झरा चालू असतो, दोनतीन जण एकाच वेळी वेगवेगळी तालवाद्यं वाजवताहेत. इथं सावकाश जा. हे गाणं लागलीच परत लावलं तरी चालेल, सलगपणाचा नियम एवढ्यापुरता मोडा.

‘वर्ड्स’ आणि ‘लॉस एंजेलिस’ आपोआप आवडतील, त्यांच्यावर काही सांगत बसत नाही. ‘ऑल नाइट ऑल डे’ शरीराच्या प्रेमाबद्दल मोकळेपणानं बोलतं. घरच्यांसमोर स्पीकरवर लावणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या.

सहावं ‘नो फिअर’. अल्बमची खरी कसोटी इथं आहे. लांबलचक गाणं, शब्द मोजके, पुन्हा पुन्हा तेच. सोबत बसवलेल्या वादकांपैकी जोशुआ क्रम्बलीचा बेस एकच वाट धरून चालत राहतो. घाईत असलेला माणूस इथं पुढं ढकलणार, हे नक्की. ढकलू नका. आपल्या भागात शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांची कमी नाही. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, आणि तंबोरे जुळवण्याबाबत ते किती काटेकोर होते हे जुनी माणसं अजून सांगतात. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ‘नो फिअर’ लवकर उमगेल. काहीतरी घडेल म्हणून वाट बघायची नाही. तो स्वर धरून बसायचं.

मग ‘ग्रँडमदर’, माझं सगळ्यांत लाडकं. बँडमधल्या तिघांनी मिळून लिहिलेलं हे त्यांचं पहिलं गाणं. यात लाराजी गातो, शब्दांवाचून, नुसत्या हुंकारानं आणि हाकांनी. १९४३ सालचा हा अमेरिकन कलावंत न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये झिदर वाजवत बसायचा. तिथं इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोनं त्याला ऐकलं आणि १९८० मध्ये त्याचा अल्बम काढला. झिदर म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या जातीचं वाद्य, लाराजी ते विजेवर जोडून वाजवतो. किशोरीताईंच्या मांडीवरचं स्वरमंडळ ज्यांनी ऐकलंय, त्यांना या अल्बममधली तारांची झिलई लगेच ओळखू येईल. मला ती ओळखू आली तेव्हा इतका आनंद झाला, की शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलंच, “काय ऐकूलास रे एवढं?” मी त्यांना एक इअरफोन दिला नाही, दोन्ही दिले.

‘हॅपी विथ यू’ मला एकटं ऐकलं तर कमी वाटतं. दोनतीन ओळींवरच ते फिरत राहतं. पण ‘ग्रँडमदर’नंतर लागलीच आलं की तीच पुनरावृत्ती हलकी वाटते, म्हणून तर क्रम मोडू नका म्हणतो. शेवटचं ‘हाऊ कुड आय हॅव नोन’ जुन्या लोकगीतांच्या वळणाचं, सगळे मिळून गातात.

आता जुन्या चाहत्यांसाठी. बँडच्या आधीच्या ‘टू हँड्स’ अल्बममधली अंगावर येणारी, खरवडणारी गिटार इथं फार कमी आहे. तीच हवी असेल तर निराशा होणार, आणि ती निराशा खोटी नाही. मग तुलनेसाठी २०१९ चे दोन्ही अल्बम एकामागून एक ऐका. ‘यू.एफ.ओ.एफ.’ वॉशिंग्टन राज्यातल्या ओल्या जंगलात केलेला, ‘टू हँड्स’ टेक्सासच्या वाळवंटात. जागेनं आवाज किती बदलतो ते स्पष्ट कळतं. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात वाढलेला माणूस म्हणून मी पहिल्याच्या बाजूचा. २०२२ चा वीस गाण्यांचा, चार ठिकाणी केलेला अल्बम नंतर कधीतरी, सुट्टीच्या दिवशी.

दुसऱ्याला हा अल्बम द्यायचा तर पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका, माणूस बघून गाणं द्या. गाण्याचे शब्द ऐकणाऱ्याला ‘लॉस एंजेलिस’. तबला-ढोलकी वाजवणाऱ्याला ‘इनकॉम्प्रिहेन्सिबल’. माझा टिळकवाडीचा मावसभाऊ गिटार वाजवतो आणि संथ गाण्यांवर त्याचा राग. त्याला मी मुद्दाम ‘नो फिअर’ दिलं, तेही गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही या अटीवर. संपल्यावर त्यानं गिटार घेतली आणि खालच्या सुराच्या जाड तारेवर बेसची ती चाल शोधत बसला.