हातात धरून वापरायचा ४×५ कॅमेरा कसा बनवावा

लार्ज फॉरमॅट, म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्मवर फोटो काढणं, म्हटलं की जड ट्रायपॉड आणि डोक्यावर काळं कापड घेऊन वाकलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण अमेरिकेतले वृत्तछायाचित्रकार कित्येक वर्षं ४×५ इंची फिल्मचा स्पीड ग्राफिक हातात घेऊनच धावपळ करत होते. जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारला जातानाचा फोटो जो रोझेन्थल यांनी १९४५ साली त्याच कॅमेऱ्याने टिपला. घरी बनवायचा कॅमेरा तर त्याहून साधा, कारण त्यात भाता नाही आणि लेन्स तिरपी करायची सोयही नाही. पुढे लेन्स, मागे फिल्म, मध्ये अंधार. नेमकं लागतं ते फक्त लेन्स आणि फिल्ममधलं अंतर. बाकी बहुतेक चुका काळ्या टेपने झाकता येतात, ही नाही.

लेन्स आधी, पेटी नंतर

९० मिमीची लेन्स घ्या. ३५ मिमी कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स साधारण जेवढं दाखवते, तेवढं ती ४×५ वर दाखवते. १५० मिमीची ‘नॉर्मल’ लेन्स घ्यायचा मोह होईल, पण एफ/१६ छिद्राला तिचं हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून पुढचं सगळं स्पष्ट येतं) सुमारे १४ मीटर येतं आणि ९० मिमीचं सुमारे ५ मीटर. म्हणजे ९० मिमीची लेन्स ५ मीटरवर लावली, की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट. हातात धरून, अंदाजाने फोकस करणाऱ्याला यापेक्षा मोठी सवलत नाही.

जुनी श्नायडर अँगुलॉन ९० मिमी एफ/६.८ ही इवलीशी लेन्स या कामाला छान. ती फिल्मवर पाडते ते प्रतिमेचं वर्तुळ ४×५ ला जेमतेम पुरतं, म्हणून ट्रायपॉडवाले नाक मुरडतात. आपण लेन्स वर-खाली किंवा बाजूला सरकवणारच नाही, तेव्हा जेमतेम पुरलं तरी झालं. सुपर अँगुलॉन एफ/८ कडेपर्यंत जास्त चांगली, पण वजनदार. शटर लेन्समध्येच असलेलं, पातळ पात्यांचं लीफ शटर हवं. त्याला धक्का जवळजवळ नसतो, म्हणून १/१२५ ला हातातला फोटो स्थिर येतो. जुनं शटर घेताना १ सेकंद आणि १/१२५ या दोन वेगांचा आवाज ऐकून पाहा. अडखळत असेल तर साफ करून घ्या.

फोकस

लेन्स पुढेमागे करायला हेलिकॉइड वापरा, म्हणजे पेच फिरवला की लांबी वाढणारी धातूची नळी. ६५ मिमी आट्यांच्या हेलिकॉइड सहज मिळतात. ९० मिमीची लेन्स अनंताच्या, म्हणजे खूप दूरच्या फोकसपासून पुढे किती सरकते हे आधीच काढता येतं: १० मीटरला ०.८ मिमी, ५ मीटरला १.६, ३ मीटरला २.८, २ मीटरला ४.२ आणि १ मीटरला जवळपास ९ मिमी. त्यामुळे १० मिमी सरकणारी हेलिकॉइड पुरे. पण यातला पहिला आकडा पुन्हा वाचा. पेटी ०.८ मिमीने लांब झाली तर तुमचा ‘अनंत’ १० मीटरवर येऊन थांबतो आणि दूरचे डोंगर कधीच पूर्ण स्पष्ट होत नाहीत.

पेटी

म्हणून पेटी मुद्दाम १ मिमी आखूड बनवा. कमी पडलेली लांबी कागदाच्या किंवा पितळी पत्र्याच्या चकत्या घालून भरता येते. जास्त झालेली घासत बसावी लागते, आणि घासताना समांतरपणा जातो.

हिशेब असा. लेन्स बसते त्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचं अंतर उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतं. त्यातून बंद हेलिकॉइडची उंची, लेन्सबोर्डची (लेन्स बसवायच्या फळीची) जाडी आणि ४.८ मिमी वजा करा. हे ४.८ मिमी विसरू नका: फिल्म होल्डर, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी डबी, पेटीला टेकतो, पण फिल्म त्याच्या पोटात तेवढी मागे असते. उरलेल्यातून १ मिमी कमी केला की मागच्या बाजूची जाडी धरून पेटीची लांबी मिळाली.

६ मिमी प्लायवूड किंवा थ्रीडी प्रिंट, दोन्ही चालतात. प्रिंट करणार असाल तर भिंत किमान ३ मिमी जाड ठेवा आणि आतून मॅट काळा रंग द्या, कारण काळं प्लास्टिकही पातळ असलं की प्रकाश सोडतं. प्रिंटच्या प्लास्टिकांपैकी पीएलए उन्हात उभ्या गाडीत वाकतं, पीईटीजी बरं. मागची बाजू मात्र स्वतः बनवू नका, असं माझं स्पष्ट मत. जुनी ग्राफलॉक बॅक, म्हणजे होल्डर बसवायची तयार चौकट, विकत घ्या. तिच्यातली होल्डर दाबून धरणारी स्प्रिंग आणि होल्डरच्या उंचवट्यासाठी असलेली खाच हाताने तंतोतंत जमवणं कटकटीचं आहे.

सगळं जोडल्यावर लेन्सबोर्ड आणि मागची बाजू यांमधलं अंतर चारही कोपऱ्यांत कॅलिपरने मोजा. फरक ०.२ मिमीच्या आत आणा. मग फिल्मच्या जागी ग्राउंड ग्लास, म्हणजे प्रतिमा बघायची दुधी काच लावा, खरखरीत बाजू लेन्सकडे. लेन्स पूर्ण उघडा, हेलिकॉइड बंद करा, अर्धा-एक किलोमीटर दूरच्या इमारतीची काचेवरची प्रतिमा भिंगातून बघा आणि ती काटेकोर स्पष्ट होईपर्यंत चकत्या घाला. ही झाली अनंताची खूण. बाकीच्या खुणा मोजायच्या टेपने अंतर मोजून, ग्राउंड ग्लासवर बघूनच हेलिकॉइडवर करा. नुसत्या गणितावर विसंबू नका, कारण लेन्सवर लिहिलेले ९० मिमी क्वचितच नेमके ९० असतात.

प्रकाशगळती बघायला अंधाऱ्या खोलीत पेटीत पेटता टॉर्च ठेवा आणि सांध्यांवरून नजर फिरवा.

व्ह्यूफाइंडर आणि मूठ

तारेची चौकट सर्वांत उत्तम. फिल्मवर उमटणारी प्रतिमा साधारण ९५×१२० मिमी असते. त्याच्या निम्मी, ४७×६० मिमीची चौकट डोळ्यापासून ४५ मिमीवर धरली की लेन्सला दिसतं तेवढंच डोळ्याला दिसतं. चौकट किंचित लहान करा, म्हणजे कडेला थोडी जागा राहते. ती लेन्सच्या बरोबर वर बसवा. डोळा जागच्या जागी राहावा म्हणून मागे छोटं भोक असलेली पट्टी लावा.

उजव्या हाताला लाकडी मूठ, तिला आखूड केबल रिलीज (शटर उडवायची तार) बांधलेली. डावा तळवा पेटीखाली. कोपर अंगाला चिकटवा.

वापरताना

आयएसओ ४०० ची कृष्णधवल फिल्म घ्या. एचपी५ प्लस उत्तम. भर उन्हात एफ/१६ ला १/५००, मोकळ्या सावलीत एफ/११ ला १/१२५. सावलीत हायपरफोकल अंतर साडेसात मीटरच्या आसपास जातं, तेव्हा माणसाचा फोटो काढताना अंतर मोजाच. स्वस्त लेझर मीटर त्यासाठी पुरतो.

होल्डर पूर्ण अंधारात भरायचा. फिल्म उभी धरून कोपऱ्यातल्या खाचा वर उजवीकडे आल्या की लेप असलेली बाजू तुमच्याकडे असते. डार्क स्लाइडची (फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची) पांढरी कड बाहेर म्हणजे कोरी फिल्म, काळी बाहेर म्हणजे फोटो काढलेली.

फोटो काढताना क्रम रोज तोच ठेवा: अंतर, छिद्र, वेग, लेन्स बंद आहे ना हे पाहणं, शटर ताणणं, आणि मगच डार्क स्लाइड ओढणं. स्लाइड ओढल्यावर लेन्सचं काहीही बदलायचं नाही. ओढलेली स्लाइड दातांत धरणारे बरेच आहेत. खिशात ठेवलेली बरी, दातांच्या खुणा पडलेली स्लाइड परत खाचेत सरकत नाही. फोटो झाला की काळी कड बाहेर करून ती लगेच आत.

पहिल्या दोन शीट कुंपणासारख्या दूर जाणाऱ्या रांगेवर खर्च करा, एफ/८ ला, एकदा ३ मीटरची खूण लावून आणि एकदा १० मीटरची. निगेटिव्हवर कोणता खांब सर्वांत स्पष्ट आहे ते भिंगाने पाहा. दोन्ही वेळा लावलेल्या अंतराच्या पलीकडचा खांब स्पष्ट असेल तर एखादी चकती घाला, अलीकडचा असेल तर काढा.