जुन्या फॅनला रेग्युलेटर लावताय? आधी कॉमन वायर शोधा

मेन बंद करा, फॅनचा कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा, वीज साठवणारा छोटा भाग) डिस्चार्ज करून, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवून, सोडवा. जुन्या सीलिंग फॅनच्या मोटरमधून बहुतेक वेळा तीन वायर निघतात आणि रंगावर अजिबात जाऊ नका, आधीच्या कुणी काय जोडलंय देव जाणे, सरळ मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन-दोन वायर मोजा. ज्या जोडीत सगळ्यात जास्त रेझिस्टन्स येईल ती रनिंग-स्टार्टिंग (मोटरमधल्या दोन वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांची, वेगवेगळी टोकं), उरलेली कॉमन, म्हणजे दोन्ही वाइंडिंगची सामाईक वायर. कपॅसिटर त्या जोडीमध्ये, कॉमनला न्यूट्रल, जोडीतली एक वायर रनिंग धरून तिला रेग्युलेटरमधून आलेला फेज. उलटा फिरला तर फेज जोडीतल्या दुसऱ्या वायरवर घ्या. बल्बचा डिमर मात्र लावू नका, मोटर गुणगुणते आणि तापते. आणि फुल स्पीडलाही फॅन रेंगाळला तर आधी कपॅसिटर बदलून बघा, साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर छापलेला आकडा बघूनच घ्या.