मेटा एआयला भावकीचा वाद सांगताय? या चुका टाळा

व्हॉट्सॲपवरचं ते निळं-जांभळं कडं, म्हणजे मेटा कंपनीचा एआय मदतनीस, भारतात जून २०२४ मध्ये आलं. आता देवगडचा बागायतदार त्याला तुडतुड्यांवर कसली फवारणी करू म्हणून विचारतो, तारकर्लीची होमस्टेवाली पाहुण्यांना पाठवायचा मेनू लिहून घेते. यात वावगं काही नाही. मोहरावर तुडतुडे पडलेत ही काही लपवायची गोष्ट नाही आणि फुकटात बरा मसुदा मिळत असेल, तर बदल्यात थोडी माहिती गेली तर गेली. माझी तक्रार वेगळी आहे. कोकणात आपण त्याच्यापुढे जे टाकतो, त्यातलं बरंचसं आपलं नसतंच.

सातबाऱ्यासोबत घरची कथा देणं

दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा आणि उताऱ्यावर पानभर नावं, हे आपल्याकडे नवीन नाही. वारलेले आजोबा, लग्न होऊन गेलेल्या आत्या, डोंबिवलीचे चुलते. हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या दस्ताचा, मसुदा हवा म्हणून कोणीतरी उताऱ्याचा फोटो टाकतो. सातबारा सरकारच्या महाभूलेख साइटवर कुणालाही दिसतो, मग त्यात काय लपवायचं, असं कुणी म्हणेल आणि ते खरंच आहे. पण सोबत काय लिहिलंय ते पाहा: “धाकट्या काकांचा मुलगा कर्जात आहे, तो लगेच सही करील. आत्या अडून बसल्यात. त्यांना भाव न सांगता पटेल असं पत्र लिहून दे.” आत्यांचं नाव, गट नंबर, चुलतभावाचं कर्ज आणि तुमचा डाव, सगळं एका जागी! तलाठ्यासमोरही माणूस इतकं बोलत नाही.

विचारायचं तर एवढंच विचारा: सामाईक जमिनीत अमुक नात्याचे वारस आहेत, हक्कसोडपत्रात कोणते मुद्दे यायला हवेत? नावांच्या जागी क, ख, ग. खरी नावं मसुदा आल्यावर आपल्या हाताने घाला. शेवटी ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचंच असतं, त्याआधी वकिलाला दाखवा. एआयच्या मसुद्यावर सरळ सही नको.

आंब्याच्या गिऱ्हाइकांच्या यादीचंही तेच. ठाण्या-पुण्याच्या लोकांचे मोबाइल, फ्लॅट नंबर, “सातनंतरच घरी असतात” अशी टिपणं, सगळं चिकटवून “प्रत्येकाला वेगळा मेसेज बनव” म्हणायची गरज नाही. एकच मेसेज लिहून घ्या, नाव आणि डझन रिकामे ठेवा.

पाहुण्यांचं आधार चढवणं

रजिस्टर भरायचा कंटाळा येतो, म्हणून आधारचे फोटो एआयला देऊन नाव-पत्ता उतरवून घेणारे आहेत. हे अजिबात करू नका. पाहुण्यांकडून मास्क्ड आधार मागा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते उतरवता येतं आणि त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सूट आहे ती घरगुती वापराला, खोल्या भाड्याने देणं त्यात बसत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. हातात वेळ आहे तोवर सवय लावून घ्या.

चुकीच्या जागी घाबरणं

“मेटा एआय तुमचे सगळे ग्रुप वाचतो” हा फॉरवर्ड वाडीच्या ग्रुपवर फिरून गेला असेलच. तसं नाही. माणसामाणसांतले मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणाला वाचता येत नाहीत. मात्र एआयला लिहिलेलं कंपनीकडे जातं आणि एआय सुधारायला वापरलं जाऊ शकतं. ग्रुपमध्ये कुणी त्याला टॅग केलं, तर तेवढा मेसेज जातो. गणपतीच्या वर्गणीची यादी देऊन कुणा हौशी भावाने “बेरीज कर” म्हटलं, की ती गेली. ॲडमिनने ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू केली, तर त्या ग्रुपमध्ये एआयला बोलावता येत नाही. चॅट एक्स्पोर्ट करणंही बंद होतं, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर खजिनदार बोंब मारतील.

“विचारलं आणि लगेच जाहिराती सुरू झाल्या”

१६ डिसेंबर २०२५ पासून मेटा एआयशी झालेलं बोलणं फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती आणि रील ठरवायला वापरलं जातं. धर्म, राजकारण, आरोग्य, लैंगिक कल असे काही विषय जाहिरातींसाठी वापरणार नाही, असं कंपनीने सांगितलं आहे. त्या यादीत कर्ज नाही. कॅनिंगच्या आंब्याचा भाव पडला, सोनं तारण ठेवू का, असं विचारलंत तर पुढे काय दिसेल याचा अंदाज बांधा. पण व्हॉट्सॲप मेटाची खाती एकत्र जोडणाऱ्या अकाउंट्स सेंटरला जोडलेलं नसेल, तर तिथलं बोलणं बाकीच्या ॲपवर वापरलं जात नाही. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट्स सेंटर उघडा आणि व्हॉट्सॲप तिथे दिसलं तर काढा.

चॅट पुसलं म्हणजे संपलं

फोनवरून गेलं, एआयकडची प्रत राहिली. त्या चॅटमध्ये तिरकी रेघ, तिला लागून इंग्रजी अक्षरांत ‘रीसेट-एआय’ (/reset-ai) लिहून पाठवा, मग ती प्रत पुसली जाते.

मेटा एआयचं वेगळं ॲपही आहे, एप्रिल २०२५ मध्ये आलेलं. त्यात शेअर दाबून लोकांनी स्वतःचे खासगी प्रश्न सर्वांना दिसणाऱ्या फीडवर टाकले, अनेकांना आपण काय केलं हे कळलंही नाही. घरात एकच फोन चार हातांत फिरत असेल, तर ते ॲप काढून टाका. मेनू लिहायला व्हॉट्सॲपमधलं कडं पुरतं.