माजघरातला नॅस, ओटीवरचा राउटर

गुहागरला आमचं घर चिऱ्याचं. फायबर ओटीवर येते, राउटरही तिथेच. पण नॅस (नेटवर्कवरून घरातल्या सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) ओटीवर ठेवायला माझं मन धजेना. समोरून खारा वारा, पावसाळ्यात झड, आणि त्या डिस्कवर आईबाबांचे सगळे जुने फोटो. म्हणून तो माजघरातल्या फडताळात ठेवला.

जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय जेमतेम पोचायचं. माळ्यावरून २२ मीटर कॅट ६ केबल ओढली (१०० मीटरपर्यंत चालते), टोकाला घरातला जुना राउटर आणि त्याला नॅस जोडला. माजघरात इंटरनेट आलं, पण ओटीवरच्या लॅपटॉपला नॅस काही दिसेना.

दोन संध्याकाळी गेल्या, तेव्हा चूक सापडली. केबल जुन्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं इंटरनेट जोडायच्या खाचेत होती. त्यामुळे त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडलं होतं: ओटीवर १९२.१६८.१ चे पत्ते, माजघरात १९२.१६८.० चे. आतून बाहेर जाता येई, बाहेरून आत नाही. मग जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, आणि केबल लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या खाचेत घातली. मुख्य राउटरवर नॅससाठी एक पत्ता राखून ठेवला. नॅस लगेच दिसला!

तरी फाइल सेकंदाला ११ एमबीनेच जायच्या. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे जेमतेम १२ एमबी, त्याहून जास्त मिळणार कुठून? त्याजागी साधा गिगाबिट स्विच (केबली एकत्र जोडणारा, दहापट वेगाचा डबा) बसवला, आता सेकंदाला शंभर एमबीच्या वर वेग मिळतो. विजा चमकू लागल्या की मात्र केबल आणि प्लग दोन्ही काढतो, आईलाही तसं दाखवून ठेवलंय.