दूषित जमीन गावाच्या वापरात आणताना या चुका टाळा

गावाला मैदान हवे असते, बालवाडीला जागा हवी असते, आणि गोव्यात सपाट, मोकळी, वादात नसलेली जमीन मिळणे किती कठीण झाले आहे हे ग्रामसभेला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग नजर जाते ती सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) जुन्या कचऱ्याच्या ढिगाकडे, बंद पडलेल्या गॅरेजच्या आवाराकडे किंवा खाणीचा गाळ साचून पडीक राहिलेल्या शेताकडे. अशी जागा पुन्हा लोकांच्या उपयोगी आणणे हे मनापासून करण्यासारखे काम आहे, पण ते घाईत उरकले तर जमिनीखालचा त्रास थेट मुलांच्या पायांखाली आणि विहिरीच्या पाण्यात जातो.

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे वरून माती ओढून जागा साफ झाली असे मानणे. बार्देशात आमच्या वाड्याजवळच्या जुन्या गॅरेजच्या जागेत नेमके हेच झाले. भंगार उचलले, चार टिपर लाल माती पसरली, मुले खेळू लागली. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर उताराखालच्या विहिरीत पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला. जांभ्याच्या प्रदेशात असा तवंग नेहमीचाच, तो लोखंडाचा असतो, असे सर्वांनी म्हटले, आणि ते म्हणणे चुकीचेही नव्हते, कारण लोहावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे पाण्यावर तसाच चकचकीत पापुद्रा येतो. फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. काठीने तवंग हलवावा; जिवाणूंचा असेल तर तो पापडासारखा तुकड्यातुकड्यांनी फुटतो आणि तसाच फुटलेला राहतो, तेलाचा असेल तर काठीभोवती फिरून पुन्हा जुळून येतो. आमच्या विहिरीतला जुळून आला. वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेले इंजिन ऑइल तसेच राहिले होते, आम्ही फक्त त्यावर पांघरूण घातले होते. काठीची ही खूण केवळ पहिल्या संशयापुरती आहे. पाणी प्रयोगशाळेत तपासून घेईपर्यंत ती विहीर पिण्यासाठी बंद ठेवावी.

कचऱ्याच्या ढिगावर माती टाकली तर परिणाम आणखी वाईट होतो. आतला ओला कचरा हवेशिवाय अनेक वर्षे कुजत राहतो, त्यातून मिथेन वायू निर्माण होतो, आणि जमीन सगळीकडे सारखी न खचता कमी-अधिक खचते, त्यामुळे वर बांधलेल्या खोलीच्या भिंतींना तडे जातात. मडगावच्या सोनसोडो येथे २०१९ च्या मे महिन्यात लागलेली आग ज्यांनी पाहिली, त्यांना साचलेला कचरा आतून किती धगधगू शकतो हे वेगळे सांगायला नको. शिवाय आपला पाऊस लक्षात घ्यावा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एक हजार चौरस मीटरच्या ढिगावर तीस लाख लिटर पाणी पडते. त्यातले जेवढे मुरेल तेवढे काळे होऊन जांभ्याच्या भेगांतून खाली उतरते, आणि सड्याच्या पायथ्याशी असलेली झर, कुळागरे (पोफळी-मसाल्यांच्या बागा) आणि खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेते) हीच त्याची वाट असते.

दुसरी चूक मातीच्या नमुन्यांची आहे, आणि ती अगदी जाणकार लोकही करतात. खर्च वाचावा म्हणून दहा ठिकाणची माती एकत्र मिसळून एकच नमुना पाठवला जातो. समजा, एका कोपऱ्यात, जिथे पूर्वी बॅटऱ्या फोडल्या जात, शिसे किलोमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि उरलेल्या नऊ ठिकाणी २० मिलिग्रॅम. मिसळलेल्या नमुन्यात आकडा येईल ६८. अहवाल वाचणारा निश्चिंत होईल, आणि तोच कोपरा घसरगुंडीसाठी निवडला जाईल. म्हणून आधी जागेचा इतिहास विचारावा: तेल कुठे ओतले जात होते, रंगकाम कुठे चाले, कचरा कुठल्या बाजूने पेटवला जाई. हे शेजारच्या वृद्धांना अचूक आठवते. त्या ठिकाणचे नमुने स्वतंत्र घ्यावेत आणि वरच्या थराचे व खालच्या थराचेही वेगळे ठेवावेत. गावातल्या न बिघडलेल्या जमिनीचा एक नमुनाही सोबत पाठवावा. जांभ्याचा लाल रंग लोहाचाच असल्यामुळे, तुलनेला स्वच्छ माती नसेल तर लोहाचा आकडा पाहून उगाच घबराट होते, किंवा उलट, सगळे नैसर्गिकच आहे असे म्हणून खरा दोष झाकला जातो.

जुना कचरा उकरून चाळण्याचे काम हाती घेतले असेल, तर हंगाम चुकवू नये. कचरा लांब रांगांत रचून, उलथून, जिवाणूंचे द्रावण फवारून आणि वाळवून मगच चाळणीवर घालायचा असतो. ओला कचरा चाळणीला चिकटतो आणि काम ठप्प होते. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ हाती असतो. मे अखेरीस उघडा राहिलेला ढीग ताडपत्रीने झाकला नाही, तर न उकरलेल्या ढिगापेक्षाही जास्त घाण पाणी त्यातून वाहते. चाळून खाली पडणारी काळी भुसभुशीत माती खतासारखी दिसते, म्हणून लोक ती माडांना घालायला घेऊन जातात. जड धातूंची आणि काचेच्या कणांची तपासणी झाल्याशिवाय ती बागेत किंवा शेतात जाता कामा नये.

खाण गाळाच्या शेतांचे दुखणे वेगळे आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत शेतातला लाल गाळ काढून ओहोळाच्या काठावर टाकला जातो आणि पुढच्याच पावसात तो खालच्या शेतकऱ्याच्या शेतात उतरतो. गाळ कुठे नेऊन ठेवायचा हे आधी ठरवावे, मगच यंत्र आणावे.

कायद्याबाबतचा गैरसमजही महागात पडतो. दूषित स्थळांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. संशयित जागा कळवणे, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिची तपासणी करणे आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करणे अशी त्यांची मांडणी आहे. मात्र खाणकामातून झालेले प्रदूषण आणि घनकचऱ्याचे ढीग सामान्यतः या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे गॅरेजच्या किंवा कारखान्याच्या जागेसाठी जो अर्ज योग्य, तोच कचऱ्याच्या ढिगासाठी केला तर वर्ष वाया जाते. खाणग्रस्त गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीची चौकशी करावी. आणि या सगळ्याआधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकाची आणि कुळाची सरकारी नोंद, काढावा. जमीन कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामुदायिक संस्थेची) निघाली किंवा तिच्यावर कुळाचा हक्क निघाला, तर पंचायतीने केलेला ठराव तिथेच अडतो.

काम संपल्यावर फीत कापली जाते आणि विहिरी विसरल्या जातात. उताराखालच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर, निदान तीन वर्षे तपासावे. काय काढले, किती खोलवर काढले आणि काय तसेच खाली ठेवले याचा नकाशा पंचायतीच्या दप्तरात लावून ठेवावा, म्हणजे वीस वर्षांनी कुणी तिथे बोअरवेल खणायला आला, तर यंत्र लावण्याआधी त्याला तो दाखवता येईल.