पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करताय? आधी लेव्हल नीट लावा

सुरुवातीला फोन चालतो, महागडा माईक हवाच असं सांगणाऱ्यांचं ऐकत बसू नका. ॲप वेव्ह फाईल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) बनवणारं घ्या, सॅम्पल रेट (आवाज नोंदवायचा वेग) ४८ किलोहर्ट्झवर लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि उजाडायच्या सुमारास बाहेर पडा.

आता लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात नोंदवला जातो ते. माझी सुरुवातीची कितीतरी रेकॉर्डिंग इथेच वाया गेली, कारण ऑटो गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा, म्हणजे गेन, ते ॲपनेच ठरवणं) चालू ठेव, तो सगळं सांभाळतो असं मला सांगितलेलं आणि मी ते ऐकलं. अजिबात ठेवू नका. पक्षी गप्प झाला की ऑटो लेव्हल वर ओढतो, वारा नि किडे मोठे होतात, पक्षी ओरडला की धाडकन खाली आणतो, मग कुठला सूर हळू नि कुठला जोरात हेच कळेनासं होतं. मॅन्युअलवर टाका, पक्ष्याचा सगळ्यात मोठा सूर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन द्या. शून्याला टेकला की आवाज फाटला, गेलं. एका दयाळाचं मस्त लांबलचक गाणं मी असंच घालवलंय, ऐकताना नुसतं जरा खरखरीत वाटत होतं पण स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) उघडला तर प्रत्येक शिट्टीच्या डोक्यावर रेघांची शिडी, पक्ष्याने कधी काढलेच नव्हते ते सूर! फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही, हळू आलेला घरी वाढवता येतो, म्हणून लेव्हल थोडी कमीच बरी.

आवाज बारीक येतोय म्हणून गेन वाढवत सुटू नका, त्याने गोंगाटही तेवढाच वाढतो. चार पावलं पुढे जा. अंतर निम्मं झालं की पक्ष्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, मागचा गोंगाट आहे तिथेच राहतो. पण पक्षी इशाऱ्याचे आवाज काढायला लागला तर लगेच मागे फिरा, घरट्यापाशी तर जाऊच नका, आणि जवळ यावा म्हणून त्याला त्याचाच आवाज वाजवून दाखवणं मला बिलकुल मान्य नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना पुतळ्यासारखं उभं राहा. शेवटी तारीख, वेळ, जागा आणि पक्षी दिसला की नुसता ऐकला ते बोलून ठेवा.

घरी दोन्ही टोकांना ३ सेकंद सोडून कापा. नॉइज रिडक्शन लावू नका, गोंगाटाबरोबर पक्ष्याचे बारीक सूरही पुसले जातात. मूळ फाईल चॅटवरून पाठवू नका, थेट अपलोड करा: ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरच्या तुमच्या यादीला जोडली की मॅकॉले लायब्ररी या आवाज-फोटोंच्या संग्रहात जाते, नाहीतर पक्ष्यांच्या आवाजांची २००५ पासून चालू असलेली साइट झेनो-कँटो आहेच. पक्षी ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेलं नाव डोळे झाकून लिहू नका, ओळख पटली नसेल तर झेनो-कँटोवर अनोळखी म्हणून टाकता येतं, जाणकार मदत करतात. मागे दुसरे पक्षी ओरडत असतील तर त्यांचीही नावं लिहा, आणि रोजच्या चिमण्या-कावळ्यांनाही सोडू नका.