विंडोज ठेवू की लिनक्स टाकू? आधी एक कागद घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, संपला आणि तेव्हापासून फोंड्याच्या बाजारात ओळखीचं कोणीही भेटलं की हाच प्रश्न, नवीन लॅपटॉप घेऊ का, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकू का, की आहे तेच चालू ठेवू. माझं सगळ्यांना एकच सांगणं, आधी कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात कंप्युटरवर काय काय केलंत ते लिहून काढा. खरंच लिहा, मनातल्या मनात नको, कारण मनात "नेट आणि थोडं टायपिंग" एवढंच येतं आणि जिथे गाडी अडणार असते नेमकी तीच गोष्ट राहून जाते.

आमच्या म्हार्दोळच्या काकांचं बघा, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता ते कित्येक वर्षं टाईप करतायत. म्हणाले मला काय फक्त टायपिंग, कुठलंही चालेल. मी पेनड्राईव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, सुरू केलं, त्यांची एक फाईल उघडली तर पहिल्या अंकाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काका घाबरलेच. फाईल धड होती, पण ती जुन्या मराठी फॉन्टमधली, युनिकोड नव्हे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्ट टाकला की वाचता येतं हो, पण त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, मग काकांना विंडोजच बरं. युनिकोडमध्ये टाईप करणाऱ्यांना ही भानगड नाही, ते मराठी सगळीकडे सारखंच दिसतं. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्यांनी आणि जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावणाऱ्यांनीपण मुकाट्याने विंडोजवरच राहावं.

शेजारच्या वहिनींचा कागद अगदी वेगळा निघाला, युट्यूब, लाईटबिल, मेल आणि दुबईच्या मुलीशी व्हिडिओ कॉल. हे सगळं ब्राउझरमध्येच होतं, त्यांच्या जुन्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाकली, फुकट मिळते, आणि आता त्या मजेत वापरतायत.

विंडोजच हवं असेल तर ११ चालतं का ते बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं, समजा आय५-७२०० असं काही लिहिलंय तर डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० (कंप्युटरमधली सुरक्षेची सोय) पण. यात न बसणाऱ्या विंडोज १० ला नावनोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, तेवढा वेळ हाताशी आहे. क्रॅक केलेलं विंडोज मात्र कोणी फुकट टाकून देतो म्हटलं तरी नको, ते चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार.

मॅकचं थोडक्यात सांगतो, ते ॲपलच्याच मशीनवर मिळतं, छान आहे, बॅटरी खूप टिकते, पण महाग, आणि टॅली त्यावर सरळ चालत नाही.

लिनक्सकडे मन वळलं असेल तर लगेच इन्स्टॉल करू नका. ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जातं, रिकामाच घ्या), मिंटच्या साईटवरून फाईल उतरवा, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राईव्हवर चढवा, आणि लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबून पेनड्राईव्ह निवडा, काही कंपन्यांचं बटण वेगळं असतं. आता लिनक्स पेनड्राईव्हवरून चालतं, थोडं हळू वाटेल, पण डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हाला हात लावत नाही तोवर तुमचं विंडोज जसंच्या तसं राहतं. दोन-तीन दिवस असंच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, आणि प्रिंटरवर एक पान काढून बघाच, कारण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

सगळं जमलं की फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या, त्यातले दोन-चार फोटो दुसऱ्या कंप्युटरवर उघडून खात्री करा, आणि मगच इन्स्टॉल दाबा. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर त्या दिवशी तो इन्व्हर्टरच्या प्लगवरच लावा.